मलमकाकांचं बोट

माझे सासरे पुस्तकं बांधतात आणि मी समोरच्या दवाखान्यात नर्स आहे. मध्ये फक्त रस्ता. दवाखान्याच्या खिडकीतून मला त्यांच्या दुकानाचं दार दिसतं आणि दुकानातल्या स्टुलावरून त्यांना मी दिसते. अख्खी गल्ली माझ्याकडे येते, "सिस्टर, हे जरा बघा ना," म्हणते आणि मी सांगेन ते निमूट ऐकते. ऐकत नाही तो एकच माणूस. 'पिकतं तिथे विकत नाही' हे ज्या बाईने पहिल्यांदा म्हटलं ती नक्की नर्स असणार, आणि सासऱ्यांबरोबर राहत असणार.

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून ठेवते. माझा नवरा कामासाठी महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असतो. तो म्हणतो, तुमच्या दोघांच्या भांडणात मी नसतो हे माझं नशीब.

दुकान खाली, घर वर. दुकानात पत्रा ठोकलेलं एक लांब टेबल आहे. भिंतीशी लोखंडी दाब. त्याचं चाक फिरवलं की जाड फळी खाली येते आणि पुस्तकांना आवळून धरते. कोपऱ्यात पुठ्ठ्यांची चळत, कापडाचे तागे आणि खळीचं पातेलं. हे पातेलं मूळचं आमच्या स्वयंपाकघरातलं. सासूबाईंनी गेल्या वीस वर्षांत ते चार वेळा परत मागितलं आणि चारही वेळा त्यांना "उद्या" असं उत्तर मिळालं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, चौथीतून शाळा सोडून अकराव्या वर्षी या कामाला लागले. आज सदुसष्ट वर्षांचे आहेत. कागदाची नवी रीम आली की ते डोळे मिटतात आणि उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट कागदावरून फिरवतात. कागद कुठल्या बाजूने सहज दुमडेल आणि कुठल्या बाजूने अडून बसेल, हे त्या बोटाला कळतं. खळ शिजली की नाही, चामडं पुरेसं तासलं की नाही, पुठ्ठ्यात ओल राहिली की नाही, सगळ्याचा निकाल तेच बोट देतं. चष्म्याचा नंबर दोनदा वाढला तरी बाबांना त्याचं काही वाटलं नाही. डोळ्यांवर त्यांची फारशी भिस्त नव्हतीच.

त्यांच्या कामाचे दोन नियम आहेत आणि ते त्यांनी आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवले आहेत. पहिला, खळ पातळ लावायची. जाड लावली की कागद फुगतो, पुठ्ठा वाकतो आणि वर्षभरात पानं सुटतात. दुसरा, दाबातलं पुस्तक उघडायचं नाही. पुरतं वाळेपर्यंत नाही. "मधेच चाक सैल करून डोकावणारा माणूस बाइंडर नव्हे," बाबा म्हणतात, "चोंबडा."

कॉलेजातली मुलं पीएच.डी.चे प्रबंध बांधायला त्यांच्याकडे येतात. काळं कापड, त्यावर सोनेरी अक्षरं. प्रत्येक प्रबंधातलं एकच पान बाबा वाचतात, ते आभाराचं. "बाकीचं मला कळत नाही," ते म्हणतात, "पण कुणी कुणाला विसरलं ते बरोबर कळतं." मग संध्याकाळी जेवताना आम्हाला रिपोर्ट मिळतो. अमक्याने बायकोचे आभार शेवटच्या ओळीत मानले. तमकीने मांजराचे मानले, आईचे नाही. सासूबाई या बातम्या पेपरपेक्षा मन लावून ऐकतात.

आता गल्ली त्यांना मलमकाका का म्हणते ते सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

पंधरा वर्षांपूर्वी पुठ्ठा कापताना त्यांना सुरी लागली. तेव्हाच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक मलमाची एक छोटी ट्यूब दिली. तीन दिवसांत जखम भरली. ती नुसती धुऊन झाकली असती तरी भरली असती, पण हे बाबांना कोण सांगणार? त्या दिवसापासून टेबलाच्या वरच्या खणात तीच ट्यूब. संपली की दुकानातून तशीच दुसरी. कागद कापला, ट्यूब. डास चावला, ट्यूब. ओठ फाटला, ट्यूब. शेजारचा शिंपी सुई टोचली की यायचा, पलीकडचा सायकलवाला साखळीत बोट अडकलं की यायचा, बेकरीवाल्या काकू भट्टीचा चटका घेऊन यायच्या. बाबा ट्यूबचं तोंड थेट त्यांच्या जखमेवर टेकवून भरघोस मलम पिळायचे. मग तेच तोंड फडक्याला पुसून टोपण लावायचे. ट्यूब शेवटाला आली की ज्या हाडाच्या पट्टीने कागदाची घडी बसवतात, त्याच पट्टीने ती गुंडाळून आतला शेवटचा कणही काढायचे.

लग्न होऊन या घरात आले त्याच महिन्यात मी तो खण उघडला. ट्यूबवरची तारीख माझ्या लग्नाच्या पत्रिकेपेक्षा दोन वर्षं जुनी होती.

"बाबा, हिची मुदत संपलीय."

"ती तारीख दुकानदारासाठी असते."

"आणि तुम्ही एकच ट्यूब सगळ्यांच्या जखमांना टेकवता. याच्या बोटाची घाण त्याच्या बोटात."

"औषध आहे ते, सूनबाई. औषधाला कसली घाण लागते?"

मी हात टेकले, पण तोंड मिटलं नाही. आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. मलम लावायचंच तर धुतलेल्या हाताने, तेही पातळ, जेमतेम चकाकेल इतकं. वर स्वच्छ पट्टी, रोज बदला. चार दिवसांत जखम भरायला लागली की मलम बंद, उगाच महिनोन्‌महिने चोपडत बसायचं नाही. हे सगळं मी चार वर्षांत किती वेळा सांगितलं असेल याचा हिशेब नाही. दर वेळी बाबा मान डोलवून "होय सिस्टर" म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

आता धाकटीकडे येते. धाकटी म्हणजे माझी नणंद, बाबांची लेक. सात वर्षं ती मुंग्या वाट कशी शोधतात यावर अभ्यास करत होती. "सात वर्षं मुंग्यांच्या मागे," सासूबाई म्हणायच्या, "आणि घरातल्या साखरेच्या डब्यातल्या काही घालवता आल्या नाहीत." पण प्रबंध पूर्ण झाला. सोमवारी दुपारपर्यंत पाच प्रती कॉलेजात द्यायच्या होत्या, आणि त्या कोण बांधणार हा प्रश्न घरात कुणी विचारलासुद्धा नाही. बाबांनी तीन महिने आधीच काळ्या कापडाचा सगळ्यात चांगला तागा बाजूला काढून, कागदात गुंडाळून कपाटावर ठेवला होता.

त्या सोमवारच्या नऊ दिवस आधी, शनिवारी, ते या पाच प्रतींचे पुठ्ठे कापत होते. आनंदात हात घसरला आणि सुरी त्याच बोटाला लागली. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. नखाएवढा काप, वरवरचा. मी दवाखान्यात एका मुलीच्या गुडघ्यातले खडे काढत होते, म्हणून मला दिसलं नाही. बाबांनी स्वतःच इलाज केला. खळीचे हात फडक्याला पुसले. धुतले नाहीत. मलमाचा जाड थर दिला, त्यावर कापूस, त्यावर बाइंडिंगच्या काळ्या कापडाची पट्टी, आणि वरून चिकटपट्टीचे सहा वेढे.

संध्याकाळी मी बघितलं तेव्हा बोटाला पुस्तकाचं कव्हर चढलेलं होतं.

"उघडा. बघू दे."

"नाही. दाबात आहे."

"काय?"

"दाबातलं पुस्तक उघडत नाहीत. वाळू दे."

"बाबा, ते बोट आहे! रोज उघडून धुवायचं असतं. आत ओल कोंडली तर कातडी कुजते."

"तू पुस्तकं बांधतेस का?"

"तुम्ही बोटं बांधता का?"

"जेवायला बसा दोघं," सासूबाई म्हणाल्या, "नाहीतर मी तोंडं बांधीन."

बुधवारी छापलेली पानं आली. पाच गठ्ठे. बाबांनी दुकानाचं दार अर्धं लोटलं, स्टुलावर बसले आणि पहिल्या गठ्ठ्यातून आभाराचं पान काढलं. त्यावर काय होतं ते मला शुक्रवारी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे त्यांचं पुढचं वागणं समजेल. शेवटच्या परिच्छेदात धाकटीने लिहिलं होतं: 'माझे वडील चौथीपर्यंत शिकले. लोकांचे तीनशे प्रबंध त्यांनी बांधले. हा तीनशे एकावा त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधला आहे, आणि माझ्यासाठी तो तेव्हाच पूर्ण झाला.'

हे वाचून कामाला लागायचं म्हणून त्यांनी पाचव्या दिवशी बोटावरचं ते कव्हर उतरवलं. आत बोट पांढरं पडून भिजलेल्या कागदासारखं झालं होतं, आणि कडेने लाल. खाजत होतं. दुसरा कुणी घाबरून रस्ता ओलांडला असता. समोर घरचीच नर्स बसलेली, रस्त्यावर एक गाडीसुद्धा नाही. पण बाबांनी निदान केलं की जखम चिघळतेय, म्हणजे मलम कमी पडलं. मग त्यांनी ते दुसऱ्या पेरापर्यंत फासलं आणि नवी पट्टी आवळली. गुरुवारी तीनदा. जितकी खाज, तितकं मलम. जितकं मलम, तितकी खाज.

गुरुवारभर त्यांचा उजवा हात खिशात होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी समोर आले की ते डाव्या हाताने काहीतरी शोधायला लागायचे. रात्री जेवताना चमचा मागितला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदा चमच्याने जेवत होता.

शुक्रवारी सकाळी खिडकीतून मला दिसलं, की बाबा टेबलाच्या कडेवर बोट घासतायत. डोळे मिटून, सुखाने. मी हातातलं थर्मामीटर तसंच पेशंटच्या काखेत ठेवून रस्ता ओलांडला.

"दाखवा."

"काही नाही गं, जरा..."

"बाबा, दाखवा!"

माझा आवाज ऐकून शिंपीसुद्धा बाहेर आला. बाबांनी हात पुढे केला. बोट लालभडक, सुजलेलं, त्यावर बारीक पाण्याचे फोड. आणि गंमत म्हणजे लाली जिथपर्यंत मलम लावलं होतं बरोबर तिथपर्यंतच. पट्टीने आखल्यासारखी रेघ. मी त्यांचं मनगट धरलं आणि भर गल्लीतून त्यांना दवाखान्यात नेलं. ते म्हणत होते, "सोड, लोक बघतायत." मी म्हटलं, "बघू देत."

आमच्या डॉक्टरीणबाईंनी बोट धुऊन घेतलं, दिव्याखाली धरलं, दंडापर्यंत हात तपासला, ताप बघितला.

"काका, काप तर भरत आलाय," त्या म्हणाल्या. "ही लाली जखमेची नाही. मलमाची आहे."

"मलमाची? पंधरा वर्षं लावतोय मी!"

"म्हणूनच. काही जणांना वारंवार तेच लावल्याने त्याची ॲलर्जी होते. अंग एक दिवस म्हणतं, पुरे. तुम्हाला वाटलं बोट पिकतंय, म्हणून तुम्ही आणखी लावलं. ज्याने दुखतंय तेच वर चोपडत राहिलात. आता हे मलम बंद, आणि यापुढे कुठल्याही डॉक्टरला आधी सांगायचं की मला हे चालत नाही."

"मग जखमेला लावू काय?"

"साधी पेट्रोलियम जेली. पातळ. रोज साबण-पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, स्वच्छ पट्टी. खाजेसाठी हे दुसरं क्रीम लिहून देते, सांगितलंय तितकेच दिवस. लाली हातावर चढायला लागली, पू आला, ठणका वाढला किंवा ताप आला, तर तडक इकडे यायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं?"

बाबांनी छताकडे बघितलं. छतालाही आठवत नव्हतं. इंजेक्शन मी दिलं. जरा मनापासून दिलं.

तुम्हाला सांगते, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. चार वर्षं मी जे घसा कोरडा करून सांगितलं तेच डॉक्टरीणबाईंनी चार मिनिटांत सांगितलं, आणि हा माणूस शाळेतल्या पोरासारखा "बरं, बरं" करत होता. मी काही बोलणार इतक्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि आठ-दहा दिवस खळ, गोंद, पाणी, काही नाही. हे बोट कोरडं आणि मोकळं राहिलं पाहिजे."

"सोमवारी..." बाबा म्हणाले आणि थांबले.

"सोमवारी काही नाही."

ते परत दुकानात जाऊन बसले. धाकटी वरून खाली आली, बोट बघून तिचा चेहरा उतरला. ती बिचारी मायेनेच म्हणाली, "बाबा, जाऊ दे ना. कॉलेजजवळ मशीनवर तासाभरात बांधून देतात. तुम्ही आराम करा." बाबांनी मान हलवली. ती गेल्यावर त्यांनी कपाटावरचा काळा तागा खाली काढला, एका हाताने कागद सोडवायचा प्रयत्न केला आणि ते जमेना तेव्हा तागा तसाच मांडीवर घेऊन बसून राहिले. पंचावन्न वर्षांहून जास्त त्या टेबलाशी उभा राहिलेला माणूस. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला नुसतं वाईट वाटलं.

"सूनबाई, हे वाच," ते म्हणाले, आणि त्यांनी आभाराचं पान माझ्या हातात दिलं.

मी वाचलं. परत वाचलं.

"पाच वेळा छापलंय," बाबा म्हणाले. "स्वतःच्या हातांनी, असं. आता तिच्या पुस्तकात पहिलंच खोटं माझ्यामुळे?"

मी म्हटलं, "तुमचं बोट गेलंय कामातून. तोंड चालतंय ना?"

"म्हणजे?"

"तुम्ही सांगा. मी करते."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या हाताला पाना-स्क्रूड्रायव्हरने टाके घालते म्हणाले होते. मग माझ्या हातांकडे बघितलं. बराच वेळ. "नखं कापून ये," ते म्हणाले.

शनिवारी मी रजा टाकली. सकाळी आठला टेबलाशी उभी राहिले, आणि मला पहिल्यांदा कळलं की या घरात न ऐकणारं माणूस एकच नाही.

पानं ठोकून सरळ करताना ओरडा. आरीने भोकं पाडताना ओरडा. मेण लावलेला दोरा ओढताना तर असा ओरडा की सासूबाई जिन्यात येऊन बसल्या, फुकटचा खेळ कोण सोडणार! मग खळ आली. मी ब्रश पातेल्यात बुडवला आणि पहिल्या प्रतीच्या पाठीवर चांगला भरून फिरवला.

"पातळ! सूनबाई, पातळ! भिंत लिंपतेस का?"

"नीट चिकटायला नको का?"

"जास्त लावली म्हणून जास्त चिकटत नाही. कागद फुगतो. तो श्वास कुठून घेणार? पुसून काढ. नुसती चकाकली पाहिजे, जेमतेम."

माझा ब्रश हवेत थांबला. "बाबा, परत म्हणा."

"काय परत म्हणा? जेमतेम चकाकेल इत..." आणि ते थांबले. स्वतःच्या बोटाकडे बघितलं. मग खणाकडे. मग परत बोटाकडे.

"ते औषध होतं," ते हळूच म्हणाले.

"हो ना," मी म्हटलं.

"जास्त औषध, जास्त गुण, असं वाटलं."

"अति तिथे माती," सासूबाई जिन्यातून म्हणाल्या. "चाळीस वर्षं माझ्या चहात साखर कमी सांगतात, आणि स्वतः..."

"तू वर जा," बाबा म्हणाले. त्या गेल्या नाहीत.

दुपारी सायकलवाला लंगडत आला. गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला दात लावला होता, दोन खुणा, थोडं रक्त. सवयीने तो थेट खणापाशी उभा राहिला. बाबांचा डावा हातही सवयीने खणाकडे गेला. मी ब्रश खाली ठेवला, पण मला बोलावं लागलं नाही. बाबांनी हात मागे घेतला.

"हे माझ्याकडचं काम नाही रे," ते म्हणाले. "कुत्र्याचा दात म्हणजे ट्यूब नाही. हो ना गं?"

"आत्ताच्या आत्ता धुवायचं. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं," मी म्हटलं. "आणि मग तडक दवाखान्यात. लस घ्यावी लागेल."

"ऐकलंस? पंधरा म्हणजे पंधरा," बाबा म्हणाले, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्याला मागच्या नळाखाली उभं केलं. दहाव्या मिनिटाला तो म्हणाला, "झालं असेल की काका." बाबा म्हणाले, "दाबातलं पुस्तक काढतोस का मधेच?" मग मी त्याला रस्ता ओलांडून दिला.

संध्याकाळी सोनेरी अक्षरं उठवायची होती. पितळी अक्षरं चौकटीत बसवून तापवायची, कापडावर सोनेरी फीत ठेवायची आणि वरून दाबायचं. माझ्या नणंदेचं नाव, मग आडनाव. हे आडनाव बाबांच्या दुकानाच्या पाटीवर आहे, रंगाने लिहिलेलं आणि अर्धं उडालेलं. चौथ्या कव्हरला माझा अंगठा तापल्या चौकटीला टेकला आणि मी ओरडले.

"नळ!" बाबा माझ्याहून मोठ्याने ओरडले. "नळाखाली! वीस मिनिटं! खण उघडू नका कुणी!"

खण उघडायला तिथे दुसरं कुणी नव्हतंच. मी गार पाण्याखाली अंगठा धरून उभी होते, दुखत होतं आणि हसू आवरत नव्हतं. चटका साधा होता, फोडही आला नाही. पाचव्या कव्हरची चौकट बाबांनी डाव्या हाताने धरली आणि मी वरून दाबलं.

रविवारी दुपारी शेवटचं काम राहिलं. आतली पानं कव्हरमध्ये बसवायची, म्हणजे पहिला आणि शेवटचा कोरा कागद खळीने पुठ्ठ्याला चिकटवायचा, मग पाचही प्रती रात्रभर दाबात. मी ब्रश उचलला.

"थांब," बाबा म्हणाले. "आधी हे." आणि त्यांनी बोट पुढे केलं. "कालपासून उघडलेलं नाही. हे काही दाबातलं पुस्तक नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. चार वर्षांत पहिल्यांदा ते आपणहून हात पुढे करत होते. मी हात धुतले. पट्टी सोडली, बोट धुतलं, टिपलं. फोड बसत आले होते, लाली ओसरत होती, काप मिटून त्याची नुसती गुलाबी रेघ उरली होती. मी जेली लावली, जेमतेम चकाकेल इतकी. बाबा चष्मा लावून नीट तपासत होते.

"कडेला जास्त झाली," ते म्हणाले.

"नाही झाली."

"पूस. फुगेल."

मी पुसली. पट्टी केली. मग ते म्हणाले, "आता मागचा पुठ्ठा उघडा धर. चिकटवायच्या आधी."

मी पहिल्या प्रतीचा मागचा पुठ्ठा उघडा धरला. बाबांनी कानावरची पेन्सिल डाव्या हाताने काढली. मला माहीत नव्हतं, घरात कुणालाच माहीत नव्हतं, की प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून ते बारीक अक्षरात आपलं नाव आणि तारीख लिहितात. वर कागद चिकटला की ते कायमचं झाकलं जातं. पुस्तक फाटेपर्यंत कुणाला दिसत नाही.

"तीनशेच्या तीनशे प्रबंधांत?" मी विचारलं.

"सगळ्यांत. ते पोरांचे आभार छापलेले असतात. माझं हे एवढंच."

डाव्या हाताची अक्षरं वाकडीतिकडी उमटत होती, पहिलीतल्या मुलासारखी. तारीख लिहून झाली. नाव लिहायच्या जागी ते थबकले, आणि मग जीभ दातात धरून त्यांनी सावकाश लिहिलं: 'तोंड माझं. हात सूनबाईचे.'

पाचही प्रतींत लिहिलं. एकदाही चुकलं नाही.

मी परत ब्रश उचलला. डोळे भरून आले आणि ब्रश हातात असल्यामुळे पुसताही येईनात.

"रडू नको," बाबा म्हणाले. "कागदावर पाणी पडेल. लाव खळ."

मी खळ लावली.

"पातळ," ते म्हणाले.

"होय, बाबा," मी म्हटलं.